कोरी ठरवलेली फ्लॉपी

टेलिफोन एक्स्चेंजच्या हॉलमध्ये ओळीनं बसणाऱ्या बायकांत तिचा आवाज सगळ्यांत गोड होता आणि राग सगळ्यांत वाईट. दोन्हींची सरमिसळ ती होऊ देत नसे. कानाला हेडफोन लागला, की पलीकडचा माणूस शिव्या देवो नाहीतर रडो, ही लोण्यासारखी मऊ : "बोला, कुठला नंबर हवा?" हेडफोन उतरला, की चहा गार का, पंखा बंद का, खुर्चीचा एक पाय आखूड का, या सगळ्यांवर ती सारख्याच तावातावानं तुटून पडे. हॉलमध्ये तिला सगळ्या ताई म्हणायच्या. तिच्याहून वयानं मोठ्या असलेल्याही ताईच म्हणायच्या, तेवढाच बचाव.

कामाचा तिला अभिमान होता, आणि तो अगदी साधा होता. समोरच्या बोर्डावर भोकंच भोकं. एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात खुपसली, की दोन अनोळखी माणसं बोलायला लागत. कुणाकडे काळा जड फोन, कुणाकडे भिंतीवरचा, कुणाकडे मिरवायला आणलेला रंगीत. कुणी बनवला, कधी बनवला, हे तिला कधी विचारावं लागलं नाही. "इकडे तोंड आहे, तिकडे कान आहे, एवढं पुरतं," असं ती नव्या मुलींना सांगायची. जगातली सगळी यंत्रं अशीच शहाणी असणार, हे तिनं धरून चाललं होतं. तिथंच ती फसली.

घरी तिचा धाकटा भाऊ होता. ऐन विशीत त्याला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताचं एक बोट, थोडीशी मान आणि डोळे, एवढंच त्याच्या ताब्यात राहिलं. हो म्हणायचं तर डोळे वर करायचे, नाही म्हणायचं तर घट्ट मिटायचे. घशातून एकच आवाज निघे, "अंऽऽ". भूक लागली तरी तोच, हसू आलं तरी तोच, संताप आला तरी तोच. हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या खाटेपाशी उभं राहून, त्याच्या देखत सांगितलं होतं, "आत फारसं काही उरलेलं नाही. मनाची तयारी ठेवा." ताईनं त्यांना जे उत्तर दिलं ते मावशीला अजून पाठ होतं, पण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

मावशी म्हणजे आईची बहीण. आई गेल्यावर ती एक पिशवी घेऊन महिनाभरासाठी म्हणून आली आणि राहिली ती राहिलीच. ताई कामावर गेली, की भाच्याला भरवणं, कुशीवर वळवणं, खिडकीशी नेऊन बसवणं, सगळं मावशीकडे. खिडकी तळमजल्यावर, थेट गल्लीत उघडणारी. गल्लीनं त्याचं नाव पाडलं होतं खिडकीवाला.

पहिली काही वर्षं त्याचं बोलणं एका पुठ्ठ्यावर चाले. पुठ्ठ्यावर अक्षरं काढलेली; ताई त्यांवरून बोट फिरवत जाई, हवं ते अक्षर आलं की तो डोळे वर करी. दोन अक्षरं जुळली की ताई शब्द पुरा करून टाकायची. दोन शब्द जुळले की वाक्य. "बघ, तुझ्या मनातलं मला बरोब्बर कळतं!" आणि ते बहुतेक वेळा खरंही असायचं. चुकलं, तरी तो पुष्कळदा डोळे वरच करायचा. पुन्हा पहिल्या अक्षरापासून कोण रांगत येणार?

मग घरगुती कॉम्प्युटर निघाले. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र, टीव्हीला जोडायचं, आणि बाजूला बुटाच्या खोक्यासारखा, लिखाण साठवायच्या पातळ तबकडीचा, म्हणजे फ्लॉपीचा ड्राइव्ह, दात खाल्ल्यासारखा आवाज करणारा. ताईनं तो आणला, बोटाखाली कीबोर्ड येईल अशी फळी सुताराकडून करून घेतली आणि बाजूला हौसेनं उभी राहिली. त्यानं बोट उचललं. एकेक अक्षर दाबायला त्याला घोटभर पाणी गिळण्याएवढा वेळ लागे. पहिलं वाक्य पडद्यावर उमटलं ते असं : "ताई, मध्ये बोलू नकोस."

मावशी हसून हसून लोळली. ताई मात्र त्या दिवशी जेवली नाही.

तो काय लिहितोय हे हळूहळू ध्यानात आलं. तो गल्लीचा इतिहास लिहीत होता. त्यात समोरच्या न्हाव्यानं स्वतःची दाढी करायला दुसरा न्हावी बोलावला आणि दोघांचं कात्रीवरून वाजलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी भांडणात नवऱ्याचे कपडे रस्त्यावर फेकले, पण नीट घड्या घालून. एका कुत्र्याला गल्लीतल्या निम्म्या लोकांनी एक नाव ठेवलं होतं आणि निम्म्यांनी दुसरं, आणि ते दोन्ही नावांना धावत जाऊन दोन्हीकडे जेवायचं. दिवसभरात अर्धं पान झालं तर मोठी मजल. फ्लॉपी भरत आली की तिला नाव तो द्यायचा, चिठ्ठी ताई चिकटवायची : ‘नळ’, ‘न्हावी’, ‘कुत्रं’, ‘संप’.

‘संप’ या फ्लॉपीवर त्याचा सगळ्यांत जीव होता. झाडूवाल्यांनी संप केला तेव्हा कचऱ्याचा ढीग त्याच्या खिडकीपर्यंत चढला होता. मावशीनं खिडकी लावायला हात घातला की तो डोळे घट्ट मिटायचा. त्या ढिगाशेजारी एक झाडूवाली रोज पहाऱ्याला बसे, कुणी परस्पर कचरा उचलू नये म्हणून. तिला बोलायला कुणी नव्हतं, याला तिला मध्येच तोडायला तोंड नव्हतं. तिनं आपला सगळा जन्म त्याला सांगितला. कुठलं गाव, कुठला नवरा, कुठल्या साहेबानं काय केलं. संप मिटला, तिची बदली झाली, ती गेली. त्यानं ते सगळं, तिच्याच शब्दांत, एका बोटानं उतरवून काढलं होतं.

आणि मग ड्राइव्ह मेला. दात खाण्याचा आवाज आधी घरघरीसारखा झाला, मग थांबलाच. कंपनीच्या दुकानातला माणूस म्हणाला, हे मॉडेल बंद झालं, भाग मिळत नाहीत. कंपनीवर चार दिवस आग पाखडून झाल्यावर ताई मोठ्या दुकानात गेली. तिथं नव्या, दुसऱ्याच कंपनीचं यंत्र काचेत ठेवलं होतं आणि त्याच्याशेजारी गळ्यात टाय घातलेला एक विक्रेता उभा होता.

"माझ्याकडे भरलेल्या फ्लॉप्या आहेत," ताई म्हणाली. "त्या यात चालतील?"

"फ्लॉपी? अहो मॅडम, तीच आहे!" टायवाल्यानं एक नवी फ्लॉपी पाकिटातून काढून तिच्या हातात ठेवली. "बघा. तोच आकार, मधे तेच भोक, कडेला तीच खाच. आरामात जाते."

जाते, हे काही खोटं नव्हतं.

यंत्र घरी आलं. टायवाला स्वतः जोडून द्यायला आला, वायरी लावल्या, टीव्हीपेक्षा छान असा हिरवा पडदा पेटला. मावशीनं दारातून विचारलं, "याला दात आहेत का रे बाबा?" टायवाल्याला काही कळलं नाही. भाऊ खिडकीकडे पाठ करून, फळी मांडीवर घेऊन बसला होता. ताई त्याच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. तिनं खोक्यातली वरची फ्लॉपी टायवाल्याला दिली. ती ‘संप’ होती.

फ्लॉपी आत गेली. आत काहीतरी फिरलं, अडखळलं, पुन्हा फिरलं. पडद्यावर ओळ आली : ही डिस्क कोरी आहे. वापरायला तयार करू का? हो / नाही.

"अंऽऽ," भाऊ म्हणाला.

"अं अंऽऽ!" पुन्हा म्हणाला, जरा जोरात.

ताईचं लक्ष पडद्यावर होतं. इतक्या दिवसांनी घरात कॉम्प्युटर पेटला होता, आणि तिला तो आवाज ओळखीचा वाटला. कुत्र्याचा भाग लिहून संपला तेव्हा असाच आला होता. "बघा, त्याला दम निघत नाहीये," ती हसून म्हणाली. "तो म्हणतोय, करा लवकर."

टायवाल्याच्या दुकानात दिवसाला कितीतरी नव्या फ्लॉप्या येत, आणि यंत्र प्रत्येकीला हाच प्रश्न विचारी. त्याचं बोट सवयीनंच गेलं. हो.

ड्राइव्ह गुणगुणायला लागला. एकसारखा, समाधानी आवाज, झाडू मारल्यासारखा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ताई भावाकडे वळली, त्याला शाबासकी द्यायला. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. पापण्यांवर सुरकुत्या पडतील इतके घट्ट. केव्हापासून मिटलेले होते कोण जाणे.

पुढचं मावशीनं गल्लीत अनेकदा सांगितलं आणि दर वेळी त्यात थोडी भर पडली, पण एवढं नक्की, की ताईनं तो टाय धरला होता. "काढ ते बाहेर! काढ आधी!" फ्लॉपी निघाली तेव्हा काम झालेलं होतं. पडद्यावर लिहिलं होतं, डिस्क तयार आहे.

"मॅडम, पण ती कोरीच होती," टायवाला टाय सोडवत म्हणाला. "यंत्र खोटं कशाला बोलेल?"

"कोरी? चिठ्ठी दिसते का तुला? वाचता येतं? काय लिहिलंय?"

"संप."

"कोऱ्या फ्लॉपीला कुणी नाव ठेवतं का रे?"

"मी काय म्हणतो," टायवाला दारापुढच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, "तुम्हीच म्हणालात, करा लवकर."

हे वाक्य घरात राहिलं. ते मावशीनं उच्चारलं नाही, भावाला उच्चारता येत नव्हतं, पण ते फडताळावर, खिडकीच्या कट्ट्यावर, भाताच्या पातेल्याच्या झाकणावर येऊन बसायचं. भावानं बोट उचलणं बंद केलं. मावशीनं पुठ्ठा काढला, तर त्याच्याकडेही बघेना. ताईनं त्याच्यासमोर बसून टायवाल्याचा, दुकानाचा, दोन्ही कंपन्यांचा उद्धार केला. तो ऐकत होता. डोळे वरही नाहीत, मिटलेलेही नाहीत. नुसते उघडे.

बाकीच्या फ्लॉप्या तिनं खोक्यात घालून खोकं कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, घरातच कुणीतरी चोर असल्यासारखं. त्या वाचायला यंत्रच नव्हतं. आता तिला एकच पाहिजे होतं : त्याचं उरलेलं लिखाण त्यातून सुखरूप बाहेर काढायचं. मग त्याच्यापुढे बोलायला तिला तोंड तरी राहील.

आधी तिनं रीतीनं केलं. दुकानात गेली, दुकान म्हणालं, दोष जुन्या कंपनीचा, त्यांना विचारा. जुन्या कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितलं, आमची फ्लॉपी ठणठणीत आहे, न वाचणारं यंत्र त्यांचं, त्यांना विचारा. नव्या कंपनीनं तिला पुन्हा जुन्या कंपनीचा नंबर दिला, आणि वर म्हणाली, "अजून काही सेवा?" सबंध आयुष्य जिनं माणसं जोडून दिली, तिला दोन कचेऱ्यांनी चेंडूसारखं इकडून तिकडे टोलवलं. तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

एके दुपारी, बोर्डावर गर्दी नसताना, तिनं जुन्या कंपनीच्या दुरुस्ती विभागाचा नंबर लावला. तो लागला. "जरा थांबा," ती लोण्याच्या आवाजात म्हणाली. मग नव्या कंपनीच्या तांत्रिक विभागाचा लावला. तोही लागला. तिनं दोऱ्या घेतल्या आणि दोघांना एकमेकांत खुपसलं.

"हॅलो, दुरुस्ती विभाग."

"हॅलो, तांत्रिक विभाग. बोला, आपल्याला काय हवंय?" हा बाईचा आवाज होता.

"मला काही नको. फोन तुम्ही केलात."

"आम्ही? नाही हो, तुम्ही केलात."

"फोन मी केलाय," ताई मध्येच म्हणाली. लोणी संपलं होतं. "मी एक्स्चेंजवरून बोलतेय. दोघांनीही ठेवायचा नाही. ठेवलात तर पुन्हा लावीन, आणि सात वाजता माझी ड्यूटी संपेपर्यंत लावत राहीन. मला एवढंच सांगा, एका आकाराची, एका भोकाची, एका दुकानात मिळणारी फ्लॉपी. एकानं लिहिलेलं दुसऱ्याला का वाचता येत नाही?"

 मग दुरुस्तीवाला घसा खाकरून म्हणाला, "बाई, फ्लॉपीवर अक्षरं नसतात. चुंबकाच्या बारीक खुणा असतात. त्या कशा मांडायच्या ही ज्याची त्याची पद्धत. आम्ही चार-चारचे गट करतो आणि प्रत्येक गट पाच खुणांत बांधतो. बाहेरच्या कडेला जागा मोठी, तिथं जास्त लिहितो, आतल्या कडेला कमी. त्यामुळे आमच्याकडे जास्त मावतं."

"आम्ही सगळीकडे सारखंच लिहितो," तांत्रिक बाई म्हणाल्या. "आणि मधेमधे लागेल तिथं वेळेची खूण टाकतो. सगळं जग असंच करतं."

"सगळं जग म्हणजे तुमची गिऱ्हाइकं."

"तुमच्याकडे आहेत का अजून गिऱ्हाइकं?"

"भांडा नंतर," ताई म्हणाली. "तुमच्या यंत्राला त्यांचं लिखाण कळत नाही. ठीक आहे. मग ते ‘मला कळत नाही’ असं का म्हणालं नाही? ‘कोरी आहे’ असं का म्हणालं?"

"मॅडम, फ्लॉपीवर सुरुवातीची एक खूण असते. ती आमच्या यंत्राला सापडली नाही, की ते धरून चालतं, की…"

"की आत काहीच नाही!"

"तशी रचना आहे."

"अशीच रचना असलेले एक डॉक्टर मला माहीत आहेत," ताई म्हणाली.

 मग ताईनं दुरुस्तीवाल्याला गाठलं. "आणि तुम्ही हसू नका. मी तुमच्याच कंपनीचं नवं मॉडेल घेतलं असतं, तर त्याला तरी वाचता आलं असतं का?"

"नवं मॉडेल…" दुरुस्तीवाला अडखळला. "ते यांच्यासारखंच लिहितं."

तांत्रिक बाई फस्सकन हसल्या.

"म्हणजे तुमची तुम्हालाच ओळख नाही! आधी तशी पद्धत काढलीत कशाला?"

"तेव्हा स्वस्तात तसंच जमत होतं. नंतर…" तो जरा थांबला, आवाज खाली आला. "नंतर गिऱ्हाईक बांधलेलं राहतं, म्हणून वरच्या कुणी बदललं नाही. आम्ही खालच्यांनी सांगून पाहिलं होतं."

"आणि जी पुसली गेली ती परत येईल?"

"नाही," दोघंही एकदम म्हणाले. एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही कंपन्यांचं एकमत होतं.

ताईच्या खांद्याला हात लागला. मागे सुपरवायझर उभ्या होत्या, सगळ्यांच्या मोठ्या बाई. ऑपरेटरनं लोकांच्या बोलण्यात तोंड घालणं म्हणजे त्या हॉलमधलं महापाप, आणि त्या बराच वेळ उभ्या असाव्यात. "उद्यापासून बोर्ड बंद," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चौकशीच्या टेबलावर बसायचं. लोकांना नंबर शोधून द्यायचे." मग त्या जरा वाकल्या. "पण आधी त्या दुरुस्तीवाल्याकडे जुनं यंत्र आहे का ते विचार. तो निसटतोय."

होतं. तपासणीच्या बाकावर, भंगारात जायच्या वाटेवरचं एक शेवटचं होतं. विकता येणार नाही, बाहेर देता येणार नाही, पण कागदावर छापून देता येईल, तो म्हणाला. आणा फ्लॉप्या.

टपालावर तिचा विश्वास उरला नव्हता. खोकं मांडीवर घेऊन ती बसनं दुसऱ्या शहरात गेली. कारखान्याच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली दुरुस्ती विभाग होता. सगळीकडे पोटं फाडलेली यंत्रं, तापलेल्या कथलाचा वास, आणि त्यांच्यामध्ये चष्मा कपाळावर चढवलेला एक किडकिडीत माणूस. फोनवर त्याचा आवाज जाड वाटला होता. त्यानं ‘नळ’ ड्राइव्हमध्ये सरकवली. दात खाण्याचा तो आवाज आला आणि ताई त्या माणसावर उसळली. 

"एवढं सोपं होतं तर पहिल्या फोनलाच का नाही सांगितलंत?"

"पहिला फोन माझ्याकडे आलाच नाही. आमच्याकडे फोन खाली यायला वेळ लागतो."

"आमच्याकडे नाही लागत," ती म्हणाली.

छपाईयंत्र करवतीसारखं चालायला लागलं. दोन्ही कडांना भोकं असलेला कागद दुमडत दुमडत जमिनीवर उतरला. मधेच त्या माणसानं एक पान उचललं, वाचलं आणि मान खाली घालून खांदे हलवायला लागला. ताई चवताळून पुढे झाली. तो हसत होता. "घड्या घालून फेकले!" तो डोळे पुसत म्हणाला. "बाई, हे कुणी लिहिलंय?"

"तुमच्या गिऱ्हाइकानं. बांधलेल्या."

त्याचं हसू गेलं. मग एकामागून एक, शेवटच्या फ्लॉपीपर्यंत त्यानं सगळं छापून काढलं. निघताना म्हणाला, "आमच्या पद्धतीत जास्त मावायचं, हे मात्र खरं होतं."

"मावतं हो," ताई म्हणाली. "निघत नाही."

घरी तिनं कागदाचा गठ्ठा भावाच्या समोर फळीवर ठेवला. त्याचे डोळे पहिल्या ओळीवरून गेले, दुसऱ्या ओळीवर आले. मावशी पानं उलटत राहिली. सबंध संध्याकाळ तेच चाललं. ‘कुत्रं’ संपलं आणि मधला ‘संप’ गळून त्यापुढे थेट दुसराच हिवाळा सुरू झाला, तिथं मावशीचा हात थांबला. त्याचे डोळेही थांबले.

ताई या क्षणाची तयारी करून आली होती. बसमध्ये तिनं ‘संप’ मनातल्या मनात पुन्हा मांडून पाहिला होता. तो भाग ती साठवताना दर वेळी वाचायची, तिला जवळजवळ सगळा आठवत होता. "हे बघ," ती त्याच्या बाजूला स्टूल ओढून बसली. "मी सांगते, मावशी लिहून घेईल. ढीग कट्ट्याला लागला तिथून सुरुवात. मग झाडूवाली म्हणते, माझ्या नवऱ्याचा आवाज फार चांगला होता, पण…"

त्यानं डोळे मिटले.

"पण पुढचं मला येतं रे! ती म्हणते, आवाज चांगला होता पण घरात कधी…"

मिटलेलेच. घट्ट.

"अरे, चुकलं तर तू सांग ना! मी काय परकी आहे? तुझ्यासाठी माझा बोर्ड गेला! दिवसभर लोकांना दुकानांचे नंबर सांगत बसणार आता!" ती उठली, खोलीत फेऱ्या घालायला लागली. "सगळं त्या दोन कंपन्यांमुळे! माजलेत! माणसाचं लिहिलेलं कोरं म्हणतात आणि वर विचारतात, अजून काही सेवा? आणि तू माझ्यावर डोळे मिटतोस?"

"बस खाली," मावशी म्हणाली. "बस. किती बोलतेस. त्याला बघ तरी."

त्याचं बोट उचललं गेलं होतं. किती दिवसांनी. मावशीनं लगबगीनं नवं यंत्र लावलं, फळी सारखी केली, आणि ताईनं पाकिटातली एक खरोखरच कोरी फ्लॉपी आत घातली. यंत्रानं विचारलं, तयार करू का? तिनं भावाकडे पाहिलं. डोळे वर. मगच तिनं कळ दाबली.

तो लिहायला लागला. नव्या कीबोर्डच्या कळा कडक होत्या, बोट घसरत होतं. एक अक्षर. मग पुढचं. ताई स्टुलावर बसली, हात मांड्यांखाली दाबून. ‘इथे’ झालं. ‘संप होता’ झालं. पुढे ‘दोन कंपन्यांचं’ आलं आणि तिच्या तोंडातून ‘पटत नव्हतं’ निघता निघता तिनं ओठ दातांत धरले. ते शब्द त्याचे त्यानं लिहिले, तेच होते, पण तिनं त्याला सगळा वेळ घेऊ दिला. बाहेर न्हावी दुकान बंद करत होता. मावशी उठून दिवा लावून आली. लिहून झालं तेव्हा पडद्यावर होतं :

"इथे संप होता. दोन कंपन्यांचं पटत नव्हतं आणि माझ्या बहिणीला घाई होती, म्हणून तो गेला. झाडूवालीचे शब्द दुसऱ्या कुणी लावू नयेत. ही पानं मोकळी ठेवा."

ताईनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिचे कान लाल झाले.

"म्हणजे मी? त्या चोरांच्या रांगेत मी? आणि हे छापायला द्यायचं? गल्लीनं वाचायचं?"

डोळे वर.

"तो टायवाला सुटला, आणि मी अडकले! त्याचं नाव घाल की! बोट तर त्याचं होतं!"

"अगं, पण खोटं काय आहे त्यात?" मावशी पुटपुटली आणि लगेच पातेलं घासायला निघून गेली.

पुसायची कळ कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात होती, ताईच्या बाजूला. त्याचं बोट तिथवर पोचलं नसतं. तिचं सहज पोचत होतं. यंत्र त्याची ओळ मुकाट धरून बसलं होतं. ती रागानं फणफणत होती, त्याच्यावर, यंत्रावर, ज्यांनी चारचे पाच केले त्यांच्यावर, आणि ज्यांनी सगळं जग असंच करतं म्हणून सांगितलं त्यांच्यावर. तो राग पुढे तिच्या हयातीत गेला नाही. टेबलावरून नंबर विचारणाऱ्या कितीतरी अनोळखी लोकांनी तो ऐकला.

"ठेवू?" तिनं विचारलं. पडद्याकडे पाठ केली, त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं, आणि डोळे कुठं जातात याची वाट बघत राहिली.